दूध मोजले लिटरमध्ये, पावतीवर किलो: हिशेब कसा जुळवायचा?

घरी आपण मापाने ४० लिटर दूध मोजतो आणि केंद्रावरचा काटा ४१.२ दाखवतो. दुसऱ्या ठिकाणी ४१.२ किलो भरलेले दूध पावतीवर ४० लिटर म्हणून येते आणि माप कापल्याची शंका येते. काट्यावर संशय घेण्याआधी लिटर आणि किलो यांतला फरक समजून घ्या.

फरक का पडतो?

१ लिटर पाण्याचे वजन जवळपास १ किलो असते. दुधात प्रथिने, दुग्धशर्करा आणि खनिजे असतात. या घटकांमुळे दूध पाण्यापेक्षा जड होते. फॅट पाण्यापेक्षा हलके असले तरी एसएनएफचा परिणाम जास्त असतो. त्यामुळे १ लिटर गाईचे दूध साधारण १.०२८ ते १.०३० किलो, तर म्हशीचे १.०३० ते १.०३२ किलो भरते. रोजच्या हिशेबाला १.०३ हा आकडा पुरेसा आहे.

- किलो = लिटर × १.०३
- लिटर = किलो ÷ १.०३

पावती तपासताना

आधी दर प्रतिलिटर आहे की प्रतिकिलो, हे विचारा.

- दर प्रतिलिटर असेल, तर ४१.२ किलोचे ४० लिटर धरणे बरोबर आहे. यात कपात नाही.
- दर प्रतिकिलो असेल, तर ४१.२ किलोचेच पैसे मिळायला हवेत. ४० किलो धरले, तर रोज १.२ किलो, म्हणजे ३० दिवसांत ३६ किलो दुधाचे पैसे बुडतात. दर ३५ रुपये धरला तर ही रक्कम १,२६० रुपये होते.

माप घेताना घ्यायची काळजी

- नुकत्याच काढलेल्या दुधावर फेस असतो. फेसासकट मोजले तर लिटर जास्त दिसतात, वजन मात्र वाढत नाही. म्हणून फेस बसल्यावर मोजा.
- रिकाम्या कॅनचे वजन वजा झाले आहे का, ते पाहा.
- काट्याच्या पडताळणीचे प्रमाणपत्र चालू मुदतीचे आहे का, ते विचारा. पडताळणी वैधमापन शास्त्र विभाग करतो.

घरगुती पदार्थांसाठी

२०० मिलि दुधाचे वजन सुमारे २०६ ग्रॅम असते. घरच्या खिरीला या ६ ग्रॅमने काही बिघडत नाही. बचत गटाने पेढे किंवा खवा विकायला केला, तर मात्र फरक पडतो. ५० लिटर दूध म्हणजे ५१.५ किलो. म्हशीच्या १० किलो दुधापासून साधारण २ किलो खवा मिळतो. उताऱ्याचा हिशेब वजनावर असतो, त्यामुळे आधी लिटरचे किलो करा आणि मगच साखरेचे प्रमाण व विक्रीची किंमत ठरवा.

एक सोपी पडताळणी

सलग सात दिवस घरचे लिटर आणि केंद्रावरचे किलो वहीत लिहा. एकूण किलोला एकूण लिटरने भागा. उत्तर १.०३ च्या आसपास आले तर माप जुळते आहे. ते सतत १ च्या जवळ किंवा त्याखाली येत असेल, तर आधी घरचे माप व फेस तपासा आणि मग वही घेऊन केंद्रचालकांशी बोला. लेखी आकडे हाती असले की वाद न होता हिशेब सुटतो.