सार्वमतावर उभे राहिलेले साम्राज्य

फ्रान्सचे दुसरे साम्राज्य १८५२ ते १८७० इतका काळ टिकले. त्याची पायाभरणी मतपेटीतून झाली होती. १८४८च्या क्रांतीने सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार दिला आणि त्याच वर्षी १० डिसेंबरला पहिल्या नेपोलियनचा पुतण्या लुई नेपोलियन सुमारे ५४ लाख मतांनी अध्यक्ष झाला. स्ट्रासबर्ग (१८३६) आणि बुलोन (१८४०) येथील त्याची बंडे फसली होती, हामच्या किल्ल्यातील कैदेतून तो पळाला होता. पण त्याचे आडनाव शेतकऱ्यांना ठाऊक होते. वाढीव करांनी गांजलेल्या आणि पॅरिसमधील जूनच्या कामगार उठावातील रक्तपाताने धास्तावलेल्या खेड्यांना तेवढे पुरले.

राज्यघटनेनुसार अध्यक्षाला लागोपाठ दुसऱ्यांदा उभे राहता येत नव्हते. घटनादुरुस्तीला लागणारे तीन-चतुर्थांश बहुमत मिळेना, तेव्हा २ डिसेंबर १८५१ रोजी त्याने लष्कराच्या बळावर विधिमंडळ बरखास्त केले. दोनच दिवसांनी पॅरिसच्या हमरस्त्यांवर गोळीबार झाला, हजारो लोकांना अटक झाली, अनेकांची रवानगी अल्जीरियात झाली. त्यानंतर जनतेचा कौल मागितला गेला आणि प्रचंड होकार मिळाला. वर्षभराने साम्राज्याच्या स्थापनेला ७८ लाखांनी संमती दिली आणि लुई नेपोलियन ‘नेपोलियन तिसरा’ या नावाने सम्राट झाला. धाकदपटशा होताच, तरी या कौलाला निव्वळ फसवणूक म्हणता येत नाही. बहुसंख्य ग्रामीण फ्रान्स मनापासून त्याच्या बाजूला होता.

निवडणुका होत राहिल्या, पण सरकारी उमेदवारासाठी जिल्ह्याची सारी यंत्रणा राबत असे आणि दोनदा ताकीद मिळालेले वृत्तपत्र बंद ठेवता येत असे. त्याच काळात लोहमार्गांचे जाळे कित्येक पटींनी वाढले, पेरेअर बंधूंच्या बँकेने उद्योगांना भांडवल पुरवले आणि पॅरिसचा प्रशासक ओस्मान याने जुने पॅरिस पाडून रुंद रस्ते व भुयारी गटारे बांधली. १८६४मध्ये कामगारांना संप करण्याची मुभा मिळाली.

सम्राटाचा मान मात्र विजयांवर अवलंबून होता. क्रायमियाच्या युद्धाने (१८५४–५६) तो वाढला, १८५९च्या इटलीतील मोहिमेनंतर नीस आणि साव्हॉय हाती आले. मेक्सिकोत मात्र सारे उलटले. फ्रेंच संगिनींच्या आधाराने गादीवर बसवलेला ऑस्ट्रियाचा राजपुत्र माक्सिमिलियन, सैन्य परतल्यावर, १९ जून १८६७ रोजी केरेतारो येथे गोळ्या घालून मारला गेला. त्याआधीच्या वर्षी सादोवा येथे प्रशियाने ऑस्ट्रियाचा पराभव केला होता आणि धोका ऱ्हाईन नदीपलीकडे उभा होता.

या साम्राज्याची खरी शोकांतिका इथे आहे. सम्राट राजवट सैल करत होता, विधिमंडळाला अधिकार देत होता. आणि त्याच विधिमंडळाला करांचा आणि सक्तीच्या लष्करी सेवेचा बोजा मतदारांवर टाकायचा नव्हता. युद्धमंत्री नील याची सैन्यसुधारणा १८६८मध्ये इतकी पातळ करून मंजूर झाली, की राखीव दल बहुतांशी कागदावरच राहिले. मतांवर जगणाऱ्या राजवटीला अप्रिय पण आवश्यक काम करवले नाही.

८ मे १८७० रोजी उदार सुधारणांना ७३ लाखांहून अधिक मतदारांनी होकार दिला, तेव्हा सिंहासन भक्कम वाटले. जुलैमध्ये स्पेनच्या गादीसाठी प्रशियाच्या राजाच्या नात्यातील राजपुत्राचे नाव पुढे आल्याने वाद पेटला, प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्क याने एम्सहून राजाकडून आलेली तार फ्रान्सला डिवचेल अशी काटछाट करून छापवली आणि १९ जुलैला फ्रान्सने युद्ध पुकारले. फ्रेंच बंदूक सरस होती, पण प्रशियाच्या पोलादी तोफा आणि शिस्तबद्ध सैन्यजमवाजमव त्याहून भारी ठरली. सेनापती बाझेनचे सैन्य मेट्झमध्ये अडकले. मुतखड्याने बेजार झालेल्या सम्राटाला पॅरिसला परतायचे होते. पण पराभूत सम्राट राजधानीत दिसला तर क्रांती होईल, या भीतीने सम्राज्ञी युजेनी आणि मंत्र्यांनी विरोध केला. तो सेनापती मॅकमाहनच्या सैन्याबरोबर राहिला आणि २ सप्टेंबरला सेदाँ येथे जवळपास लाखभर सैनिकांसह शत्रूच्या हाती पडला.

बातमी पोहोचताच ४ सप्टेंबरला पॅरिसमध्ये जमाव विधिमंडळात घुसला आणि नगरभवनात प्रजासत्ताक जाहीर झाले. चार महिन्यांपूर्वी होकार देणाऱ्या मतदारांपैकी कोणी साम्राज्यासाठी रस्त्यावर उतरले नाही. १ मार्च १८७१ रोजी बोर्दो येथील राष्ट्रीय सभेने पदच्युतीवर शिक्कामोर्तब केले आणि फ्रान्सच्या विध्वंसाची, परकीय आक्रमणाची आणि विभाजनाची जबाबदारी नेपोलियन तिसऱ्यावर ठेवली.