डाग ठेवायचा की घासायचा

टोकियोतल्या एका प्रदर्शनात काचेआडच्या एका तलवारीपुढे मी अडकले. येणारे-जाणारे धारेलगतची पांढरी नागमोडी रेघ, हामोन, बघून पुढे सरकत होते. ती लांबूनही दिसते. माझं लक्ष गेलं ते पात्याच्या अंगाकडे. धार आणि पाठ यांच्या मधल्या पट्ट्यात पेराएवढा एक काळसर भाग होता. सगळ्या पोलादावर बारीक रेषांचं जाळं होतं, त्या भागात मात्र ते नव्हतं. ओल्या पाटीसारखा तो सपाट आणि काळा होता. तलवारीवर कारागिराचं नाव नव्हतं. ती आओए घराण्याची मानली जाते असं लिहिलं होतं, आणि तसं मानण्याच्या कारणांत हा काळा भाग होता.

डाग हा पुरावा कसा होतो, एवढं समजून घ्यायला मी ओकायामा प्रांतात गेले. जपानी तलवारींच्या इतिहासात या प्रांताइतकं मोठं नाव दुसरं नाही. पूर्वेकडच्या जुन्या बिझेन प्रांतातलं ओसाफुने गाव योशिई नदीकाठी आहे, तर आओए लोहारांची वस्ती पश्चिमेला बिच्चूत, आजच्या कुराशिकीत होती. ओसाफुनेत तलवारींचं संग्रहालय आहे आणि आवारातच कारागिरांच्या कार्यशाळा आहेत. पुण्यात जपानी शिकून इथे नोकरी करणारी एक मैत्रीण दुभाषी म्हणून सोबत होती. वाटाड्याने सुरुवातीलाच एक आकडा सांगितला: पोलादाला पंधरा वेळा घडी घातली की 32,768 थर होतात. दिवसभरात हा आकडा मी इतरांच्याही तोंडून ऐकला. गणित बरोबर आहे, पण पात्यावर ते 32,768 थर मोजता येत नाहीत. दिसतं ते वेगळंच.

ते काय, हे मला एका शिकलगारांनी दाखवलं. तलवारीला दगडावर घासून तिचं अंग उजळवणारा तो शिकलगार, हा आपला शब्द त्यांना नेमका लागू पडतो. वय साठीपुढचं, बोलणं कमी. ते बुटक्या बैठकीवर वाकून बसले होते, दगड धरून ठेवणारी लाकडी पट्टी उजव्या पावलाखाली दाबलेली, बाजूला पाण्याची बादली. घासायचं पातं दुसरं होतं. आमच्यासाठी त्यांनी एक जुनं, नाव नसलेलं पातं काढलं आणि मऊ कागदाने त्यावरचं तेल पुसलं. खोलीत लवंगेचा वास पसरला. गंज चढू नये म्हणून लावतात त्या तेलात लवंग असते. आमच्या घरी हा वास दाढदुखीचा. त्या दिवसानंतर तो नाकात शिरला की मला आधी पोलाद आठवतं.

बोलताना पात्याकडे तोंड करायचं नाही, थुंकीचा कण उडाला तरी गंज धरतो. पात्याला बोट लावायचं नाही. हे नियम त्यांनी एका वाक्यात उरकले आणि खोलीतले दिवे मालवून एकच उघडा बल्ब ठेवला. पातं बल्बच्या रोखाने धरलं की हामोन उठून दिसतो. किंचित कलवून प्रकाश अंगावरून सरकू दिला की पोलादाचा पोत दिसू लागतो. कलवण्याचा हा कोन हाताला सापडायला वर्षं जातात, असं ते म्हणाले. माझ्या हातात तो पोत एकदा दिसे, एकदा हरवे.

हा पोत मुळात पोलादाच्या असमानपणातून येतो. शिमाने प्रांतातल्या ओकुइझुमोत तातारा भट्टी चालते. पारंपरिक पोलाद मिळेनासं झाल्यावर 1977 साली ती पुन्हा पेटवली गेली. तीन दिवस-रात्र लोहवाळू आणि कोळसा घालत राहिलं की सुमारे अडीच टनांचा गोळा निघतो, आणि त्यातला काहीच भाग तलवारीच्या लायकीचा असतो. एका तुकड्यात कार्बन जास्त, दुसऱ्यात कमी. लोहार हे तुकडे निवडतो, तापवतो, ठोकतो, घडी घालतो, पुन्हा ठोकतो. फरक कमी होतो, पण पुसला जात नाही. तोच पुढे रेषा होऊन उरतो: फळीवर दिसते तशी इतामे, सरळ धावणारी मासामे, गाठींची वलयं दाखवणारी मोकुमे. गास्सान घराण्याच्या पात्यांवर तर आयासुगी नावाचा लाटालाटांचा पोत असतो.

आपल्या दख्खनी तलवारींवरची जौहर नावाची नक्षी बघितलेल्या माणसाने इथे एक फरक ध्यानात ठेवायला हवा. त्या नक्षीचं बीज मुशीत वितळलेलं पोलाद गोठतानाच पडतं, घडीशी तिचा संबंध नसतो. जपानी पात्यावरची रेषा मात्र हातोड्याखाली जन्मते, म्हणून ती कुठून आली आणि कुठे गेली हे विचारता येतं.

शिकलगार नेमकं तेच विचारत होते. आमच्यासमोरच्या पात्यावरही एक काळा भाग होता; त्याकडे नखाने हवेतच खूण करून ते म्हणाले, “डागाकडे नंतर बघा. आधी शेजारची रेषा बघा. ती कुठे थांबते?”

रेषा एखाद्या कडेपाशी कापल्यासारखी थांबत असेल, तर ते ठिगळ. पात्यात खड्डा पडला की दुसऱ्या पोलादाचा तुकडा बसवून तो बुजवतात, आणि नीट बसवलेला तुकडा पटकन ओळखू येत नाही. रेषा विस्कटत, जाड होत जात असेल आणि आतला भाग राखाडी, निस्तेज असेल, तर वरची कातडी झिजून आतलं पोलाद उघडं पडलं आहे. पुष्कळ तलवारींत गाभ्याला मऊ, कमी कार्बनचं पोलाद असतं आणि त्यावर कडक पोलादाचं आवरण. प्रत्येक घासणीत हे आवरण थोडं थोडं जातं. आणि रेषा हळूहळू काळोखात विरत असेल, कड सापडत नसेल, आतला रंग खोल आणि स्वच्छ असेल, तर ते सुमिगाने, आओए घराण्याची खूण. आमच्यासमोरच्या पात्यावर रेषा विरत होती. मला ते दिसलं आणि मी दुभाषी मैत्रिणीचा दंड घट्ट धरला.

नाव नसलेल्या तलवारीच्या बाबतीत हे बघणं नुसतं हौसेचं राहत नाही. जुन्या लांब तलवारी पुढच्या काळात मुठीकडून कापून आखूड केल्या गेल्या आणि मुठीतल्या भागावर कोरलेलं नाव त्या कापात गेलं. मग साक्ष द्यायला पात्याचा घाट, हामोन आणि अंगावरच्या या खुणाच उरल्या. तज्ज्ञमंडळ त्या वाचून प्रमाणपत्र देतं आणि प्रमाणपत्रावर किंमत ठरते. माणसं पात्याच्या आधी कागद बघतात, ही गोष्ट मला टोचली.

कारण खूण एकटी काहीच सांगत नाही. क्योतोच्या राई घराण्याच्या तलवारींत अधूनमधून कमजोर, रापलेलं पोलाद डोकावतं. दुसऱ्या कुणाच्या पात्यावर तो दोष ठरला असता, इथे तो राई असल्याचा आधार होतो. मुठीजवळ धारेच्या मुळाशी तिरकी वर चढणारी फिकट सावली, मिझुकागे, दिसली की पारखी सावध होतात: तलवार आगीत सापडून तिला दुसऱ्यांदा पाणी दिलं गेलं असावं. पण होरिकावा कुनिहिरो या लोहाराच्या अस्सल कामातही ती भेटते. जुन्या बिझेन तलवारींवर हामोनच्या वर एक काळोखी पट्टा सोडून उत्सुरी नावाची धूसर पांढरी छाया असते. पाणी देताना पोलादाने घेतलेल्या उष्णतेतून ती उमटते. नंतरच्या शतकांत ती फार थोड्यांना साधली आणि आजचे लोहार तिच्यासाठी झटतात. तरी अति घासून थकलेल्या पात्यावरही पांढुरकेपणा येतो, आणि नवखा डोळा त्यालाही उत्सुरी समजू शकतो. हागिरेबद्दल मात्र दुमत नाही. धारेला आडवा गेलेला तो केसासारखा तडा पात्याचा शेवट मानला जातो.

ज्या पात्यावर आम्ही रेषा बघत होतो, त्याच्या मालकाने ते शिकलगारांकडे एका मागणीसह पाठवलं होतं. टोकाकडचे गंजाचे ठिपके काढा आणि काळा भाग आजूबाजूशी मिळताजुळता करा. मला राग आला. शिकलगारांना आला नाही. ते म्हणाले, “लोकांना सारखं अंग आवडतं. पण सारखं करायला मला सगळ्यांत खोल ठिपक्याइतकं सगळीकडे उतरावं लागेल.”

आवरण किती उरलंय, मी विचारलं. ते घासून बघितल्याशिवाय कळत नाही, आणि कळतं तेव्हा ते गेलेलं असतं, हे त्यांचं उत्तर. मग त्यांनी दगड दाखवले. गंज आणि आकार यांसाठीचे खरखरीत दगड आधी, मग क्रमाने बारीक, शेवटी क्योतोकडचा मऊ उचिगुमोरी, आणि त्यानंतर कागदाला चिकटवलेल्या पातळ कपच्या, अंगठ्याखाली धरून फिरवायच्या. पोलादाचा पोत खरा उघडतो तो या कपच्यांनी. पुढे लोहभस्म तेलात कालवून कापसाने चोळतात, त्याने अंग गडद होतं. ते जास्त झालं तर सुमिगाने आणि शेजारचं पोलाद एकाच रंगाचं दिसू लागेल. मालकाची मागणी दगड न लावता, अशीही पुरी करता आली असती. तेही त्यांनी नाकारलं.

त्यांनी मालकाला पत्र पाठवलं, सोबत तिरक्या प्रकाशात काढलेली छायाचित्रं. खरखरीत दगड वापरणार नाही, काम उचिगुमोरीपासून सुरू करेन, काळ्या भागावर रंग चढवणार नाही. टोकाकडचे दोन ठिपके खोल आहेत, ते तसेच राहतील. हे मान्य नसेल तर पातं परत न्यावं. मी तिथून निघेपर्यंत उत्तर आलं नव्हतं, आणि ते दुसरं पातं पुन्हा दगडावर घेऊन बसले होते.