लार्कस्परची लागवड आणि उष्णतामान

हिवाळी फुलझाडांत लार्कस्परचे स्थान मोठे आहे. निळ्या, जांभळ्या, गुलाबी व पांढऱ्या फुलांनी लगडलेले त्याचे उभे तुरे वाफ्यास शोभा आणतात आणि कापल्यावर फुलदाणीतही चांगले दिसतात. फुलाच्या मागे चंडोल पक्ष्याच्या मागील नखासारखी लांब नखी असते. तीवरूनच त्यास हे इंग्रजी नाव पडले. असे असूनही अनेक बागाईतदार एकदोन वर्षे हे झाड लावून पाहतात व सोडून देतात. बी उगवत नाही, उगवलेली रोपे खुजी राहतात आणि तुरे निघतात न निघतात तोच झाडे वाळू लागतात, अशी त्यांची तक्रार असते. दोष बियाण्याला किंवा खताला दिला जातो; परंतु पुष्कळदा खरे कारण उष्णता हे असते.

झाडाचा मूळ स्वभाव

लार्कस्पर हे मूळचे भूमध्य समुद्राच्या आसपासच्या प्रदेशातील वर्षायु झाड होय. तेथे हिवाळा थंड व पावसाळी, तर उन्हाळा कडक व कोरडा असतो. शरद ऋतूत बी रुजते, हिवाळाभर रोप पानांचा झुबका जमिनीलगत पसरून बसते, वसंतात तुरा वर काढते आणि उन्हाळा लागताच बी टाकून मरते. हा क्रम ध्यानात घेतला म्हणजे आपल्याकडील अपयशाचे कारण उमगते. आपल्या पठारी भागात थंडीचे दिवस थोडे असतात. त्यांच्या एका टोकाला ऑक्टोबरचा उष्मा व दुसऱ्या टोकाला मार्चचे ऊन असते. या दोहोंच्या मधल्या अवधीत पीक बसविणे, हेच लार्कस्परच्या लागवडीतील मुख्य काम आहे.

पेरणीची वेळ

बी उत्तम उगवण्यास १० ते १५ अंश सेल्सिअस उष्णतामान मानवते. जमीन २० अंशांहून जास्त तापलेली असल्यास उगवण फार घटते. दसरा-दिवाळीच्या तिथी दरवर्षी मागेपुढे होतात. म्हणून पेरणीचा मुहूर्त सणावरून न धरता जमिनीवरून धरावा. साधा थर्मामीटर दोन बोटे खोल खुपसून पहाटे पाहावे. पारा १८ अंशांच्या खाली उतरू लागला म्हणजे पेरणी करावी. पठारावर ही वेळ साधारणतः ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत येते. सर्व बी एकाच दिवशी पेरू नये. निम्मे प्रथम व निम्मे पंधरा दिवसांनी पेरावे. एक पेरणी उष्म्यात सापडली तरी दुसरी हाती राहते. नोव्हेंबरनंतर मात्र पेरू नये; तशा पिकाची फुले उन्हाळ्यात सापडतात. कोकणपट्टीत रात्री पुरेशा थंड होत नसल्याने हे पीक विक्रीसाठी घेणे धोक्याचे आहे.

बियांना थंडी देणे

बी ताजे घ्यावे. उष्ण जागी ठेवलेल्या बियांची उगवणशक्ती लवकर जाते. पेरणीपूर्वी ओलसर वाळूत मिसळून ते झाकणाच्या डब्यात भरावे आणि शीतकपाटाच्या खालच्या कप्प्यात दहा ते चौदा दिवस ठेवावे. बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये. माठाजवळील गारवा या कामास पुरत नाही.

सोटमूळ दुखावलेले या झाडास सोसत नाही, म्हणून बी कायमच्या जागीच पेरावे. बियांना अंधार लागतो; त्यांवर अर्धा सेंटिमीटर बारीक माती पसरावी व वर पेंढ्याचे पातळ आच्छादन घालावे. त्याने दुपारची जमीन कमी तापते. दोनतीन आठवड्यांत कोंब दिसू लागताच पेंढा काढावा. रोपे चार पानांची झाल्यावर विरळणी करून दोन रोपांत २० ते २५ सेंटिमीटर अंतर राखावे.

रोपे व उष्णता

रोपे झुबक्याच्या अवस्थेत असताना त्यांना जितक्या थंड रात्री मिळतील तितका पुढे तुरा लांब होतो. लवकर ऊब मिळाल्यास झाड घाईने फुलते व दांडा आखूड राहतो. म्हणून या काळात भिंतीलगतच्या तापणाऱ्या जागा टाळाव्या. सकाळचे ऊन भरपूर व दुपारनंतर थोडी सावली, अशी जागा उत्तम. फेब्रुवारीपासून मुळांभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे, ते खोडास मात्र भिडू देऊ नये. पाणी सकाळी व मुळाशी द्यावे.

उबदार आणि सतत ओल्या जमिनीत बुंधा कुजतो. बुंध्याशी पांढरी बुरशी व मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसल्यास ते झाड भोवतीच्या मातीसह उचलून नष्ट करावे आणि त्या वाफ्यात पुढील वर्षी लार्कस्पर घेऊ नये. पानांवर भुरी आल्यास गंधक वापरतात. परंतु उष्णतामान ३० अंशांवर असताना ते वापरल्यास पाने करपतात.

काढणी व सावधगिरी

तुऱ्यातील खालची तीनचार फुले उमलताच तो पहाटे कापून लगेच गार पाण्यात व सावलीत ठेवावा. पिकत्या केळ्यांजवळ किंवा आंब्यांजवळ ठेवू नये. त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने पाकळ्या गळतात.

शेवटी एक गोष्ट विसरू नये. हे झाड, विशेषतः त्याचे बी व कोवळी रोपे, विषारी आहेत. विरळणीत उपटलेली रोपे गुरांपुढे किंवा शेळ्यांपुढे टाकू नयेत, तर खोल पुरावी. आणि उरलेले बी मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे. वेळ साधून पेरलेला एक वाफा फेब्रुवारीत अंगण निळे करील. त्यापायी गोठ्यातले एकही जनावर दगावता कामा नये.