कॉम्प्युटर ‘जळला’ म्हणजे नेमके काय जळले?

कॉम्प्युटर घेऊन दुकानात येणाऱ्या माणसाचे पहिले वाक्य बहुतेक ठरलेले असते. ‘भाऊ, जळला.’ काय जळले, ते त्याला ठाऊक नसते. धूर दिसला, वास आला, पडदा काळा झाला, एवढे त्याला पुरेसे असते. मी गेली अनेक वर्षे नागपुरात कॉम्प्युटर दुरुस्तीचे काम करतो. पोटात दुखते ही तक्रार आणि अपेंडिक्स हे निदान, हा फरक आपल्याला डॉक्टरांकडे कळतो. कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र आपण तक्रारीलाच निदान समजतो आणि कित्येकदा चांगले यंत्र भंगारात देतो. यंत्राचे एक वेळ सोडा, त्याच्या पोटातला हिशोबही त्याबरोबर जातो.

गोष्ट २००८ सालच्या मार्चमधली. कळमन्याच्या बाजारात तेव्हा मिरचीचा हंगाम चालू होता. ज्यांनी तो बाजार पाहिला आहे त्यांना आठवेल, यार्डात शिरले की आधी शिंका येतात आणि मग माणसे दिसतात. तिथल्या एका अडत्याच्या गाळ्यातून मुनीमजींचा फोन आला. मी पोहोचलो तेव्हा टेबलाखालचा डबा गार पडला होता आणि मुनीमजी त्याच्यासमोर हात जोडल्यासारखे बसले होते.

‘काय झालं, ते पहिल्यापासून सांगा,’ मी म्हणालो.

‘काही नाही जी. पट्ट्या काढत होतो. एकदम पंखा जोरात फिरायला लागला, ट्यूबलाइट लखलखली. बाजूच्या गाळ्यातला बल्ब मात्र मिणमिणा झाला. अन् मग फटाका वाजल्यासारखा आवाज, अन् धूर.’

दारात भिवापूरकडचे एक म्हातारे शेतकरी पोत्यावर बसून होते. त्यांनी दिवाळीला उचल घेतली होती आणि नंतर दोनदा माल घालून ती बरीचशी फेडली होती. किती फेडली, त्याची नोंद त्या डब्यात. ते मला एवढेच म्हणाले, ‘भाऊ, मशीन जळली तं माहा हिशोबई जळला का?’ असे साठेक शेतकऱ्यांचे खाते त्यात होते. वहीत लिहिणे नोव्हेंबरपासून बंद केलेले. सीडीवर नक्कल काढायची, असे ठरले होते. ते ठरलेलेच राहिले होते. मुनीमजींची भीती वेगळी होती. आकडे सापडले नाहीत, तर लोक म्हणणार, मुनीमने खाल्ले.

आता मुनीमजींनी जे सांगितले त्यात अर्धे निदान होते. आपल्या घरी येणारी वीज २३० व्होल्टची. पण ती तीन फेजच्या लाइनमधून वाटून दिलेली असते, आणि कोणत्याही दोन फेजमधला दाब सुमारे ४०० व्होल्ट असतो. प्रत्येक घराला किंवा गाळ्याला एक फेज आणि सर्वांसाठी सामाईक अशी न्यूट्रल वायर मिळते. ही न्यूट्रल ढिली झाली किंवा तुटली, की वाटणी बिघडते. ज्या फेजवर कमी उपकरणे चालू असतात तिथला दाब वाढतो, जिथे जास्त चालू असतात तिथला घटतो. एका गाळ्यात ट्यूबलाइट लखलखते आणि शेजारी बल्ब मिणमिणतो, ते यामुळे. असे दिसले, तर कॉम्प्युटरच नव्हे, फ्रिज, टीव्ही, जे असेल ते ताबडतोब मेन स्विचवरून बंद करावे आणि वायरमनला बोलवावे. त्या दिवशी नंतर वायरमनला गाळ्यांच्या रांगेच्या स्विचपेटीत न्यूट्रलचा स्क्रू सैल आणि काळा पडलेला सापडला. दुकानात युपीएस होता, पण त्याची बॅटरी मेली म्हणून तो बाजूला ठेवून कॉम्प्युटर थेट भिंतीतल्या प्लगला लावलेला होता.

हा वाढलेला दाब पहिल्यांदा सोसतो तो एसएमपीएस. कॅबिनेटच्या मागे जिथे आपण वीजेची पिन लावतो, तिथला पंखेवाला पत्र्याचा डबा. त्याचे काम आहे २३० व्होल्टच्या विजेतून कॉम्प्युटरला लागणारे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट तयार करणे. त्यासाठी तो आधी आलेल्या विजेचे सुमारे ३२५ व्होल्टच्या एकदिश विजेत रूपांतर करतो, मग सेकंदाला हजारो वेळा ती चालू-बंद करून लहानशा ट्रान्सफॉर्मरमधून पाठवतो. बाहेर पडणारा दाब बरोबर आहे ना, यावर आतलेच एक सर्किट नजर ठेवून असते. डबा चांगला असेल, तर मरताना एकटाच मरतो. स्वस्तातला असेल किंवा ही नजर ठेवणारी यंत्रणाच आधी गेली असेल, तर मरता मरता पुढच्या भागांवर जास्त दाब सोडून जातो. म्हणून ‘एसएमपीएस बदलला की झाले’ हे अर्धसत्य आहे.

आपल्याकडचा उन्हाळाही या डब्याचा वैरी आहे. आतले कपॅसिटर म्हणजे छोटी नळकांडी असतात. त्यांच्यात द्रव असतो आणि तो उष्णतेने हळूहळू वाळतो. साधारण हिशोब असा की, तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य निम्मे होते. नागपूरचा मे महिना, त्यात पंख्याच्या जाळीवर मिरचीच्या धुळीचा थर, मग काय राहणार? २००० नंतरच्या काही वर्षांत तर जगभरात सदोष कपॅसिटर असलेले असंख्य मदरबोर्ड विकले गेले. त्यांची डोकी फुगलेली आम्ही रोज पाहत होतो. फुगलेले डोके दिसले, की बोर्ड संशयित समजावा.

इथे माझी एक चूक सांगतो. २००४ साली एका प्राध्यापकांचा कॉम्प्युटर माझ्याकडे आला होता. मधूनच बंद पडायचा. मी एसएमपीएस चालू करून पाहिला, पंखा फिरला, म्हणून तो बरा आहे असे ठरवले आणि इतर भाग तपासत बसलो. मीटर लावलाच नाही. त्या डब्यातून १२ च्या जागी १४ व्होल्टच्या वर दाब येत होता. दुसऱ्या दिवशी हार्ड डिस्क गेली आणि तिच्यात त्यांचा तीन वर्षांचा प्रबंध होता. ते मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते. तेव्हापासून दोन नियम केले. पंखा फिरतो म्हणजे एसएमपीएस बरा, असे मानायचे नाही. आणि विजेचा बिघाड असेल, तर पहिल्यांदा हार्ड डिस्क काढून बाजूला ठेवायची आणि सर्वांत शेवटी जोडायची.

कळमन्यात मी तेच केले. पिन काढली, हार्ड डिस्क काढून रुमालात गुंडाळून मुनीमजींच्या हाती दिली. मग जुना एसएमपीएस तपासला. कॉम्प्युटर बंद असला तरी पिन लावलेली असेल, तर जांभळ्या वायरवर ५ व्होल्ट सतत हवेत. तिथे शून्य. डबा मेला, यात शंका उरली नाही. हा डबा उघडून पाहण्याचा मोह मात्र कुणीही घरी करू नये. पिन काढल्यानंतरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जबर झटका देईल इतकी वीज साठून राहू शकते.

आता प्रश्न असा होता की, पुढे काय काय गेले? नवा डबा लावण्याआधी मी मदरबोर्डच्या सॉकेटवर मीटर धरला. लाल वायर ५ व्होल्टची, पिवळी १२ ची, काळी म्हणजे ग्राउंड. लाल किंवा पिवळी आणि काळी यांच्यामध्ये मीटर पार शून्याला टेकला, तर बोर्डात शॉर्ट आहे असे समजायचे. तसे नव्हते. हल्लीच्या कित्येक एसएमपीएसमध्ये सगळ्याच वायरी काळ्या असतात. तिथे रंगावर न जाता पिनची जागा पाहावी लागते.

नवा एसएमपीएस बाहेरच, बोर्डाला न जोडता, हिरवी आणि काळी वायर जोडून चालू केला आणि मोजला. १२ चे ११.४ ते १२.६ आणि ५ चे ४.७५ ते ५.२५ यांच्या आत असावे लागतात. होते. मग बोर्डावर फक्त प्रोसेसर, त्याचा पंखा आणि छोटा स्पीकर ठेवला. रॅमसुद्धा काढली. स्विच दाबला. लांब ‘बीप’ वाजले, पुन्हा वाजले. मुनीमजी दचकले. मी म्हणालो, ‘घाबरू नका, तो रॅम मागतो आहे.’ रॅम मागायला बोर्ड आणि प्रोसेसर दोघेही जिवंत असावे लागतात. म्हणजे निम्मे यंत्र सुखरूप होते. रॅम लावली, मॉनिटर लावला, पडद्यावर अक्षरे आली. कीबोर्ड, मग सीडी ड्राइव्ह. एका वेळी एकच वस्तू जोडायची आणि दर वेळी आधी पिन काढायची. दोन वस्तू एकदम जोडल्या आणि बंद पडले, तर दोष कुणाचा, हे कसे कळणार?

शेवटी हार्ड डिस्क उरली. तिच्या पॉवर सॉकेटवर मीटर धरला आणि माझ्याच पोटात गोळा आला. ५ व्होल्टची बाजू ठीक, १२ व्होल्टची बाजू थेट शून्य. पूर्ण शॉर्ट. ही डिस्क आधीच जोडली असती, तर नव्या एसएमपीएसचा पंखा एक झटका मारून थांबला असता आणि सगळ्यांनी म्हटले असते, मदरबोर्ड गेला. खरे तर नव्या डब्याने शॉर्ट ओळखून स्वतःला वाचवले असते. असे किती चांगले बोर्ड त्या एका झटक्यावर भंगारात गेले असतील!

पण ‘शॉर्ट’ म्हणजेही ‘जळली’ नव्हे. डिस्कखालच्या हिरव्या पाटीवर, वीज जिथून आत येते तिथे, बऱ्याच डिस्कमध्ये दोन छोटे डायोड असतात. एक ५ व्होल्टच्या वाटेवर, एक १२ च्या. ते टीव्हीएस नावाने ओळखले जातात. दाब ठरावीक मर्यादेबाहेर गेला की तो आपल्या अंगावर घेऊन ग्राउंडमध्ये उतरवायचा, हे त्यांचे काम. फारच जास्त आला तर ते स्वतः शॉर्ट होऊन मरतात आणि मागची डिस्क वाचते. दारावरचा राखणदार दारातच पडला होता आणि त्यामुळेच दार अडले होते.

मी डिस्क दुकानावर आणली. १२ व्होल्टच्या बाजूचा डायोड सोल्डरिंग आयर्नने काढला. पुन्हा मीटर धरला, शॉर्ट गेला. माझ्या खात्रीच्या एसएमपीएसवर डिस्क जोडली. क्षणभर काही नाही, आणि मग ती ओळखीची घुरघुर सुरू झाली. राखणदार नसलेल्या डिस्कवर पुन्हा काम करायचे नसते. म्हणून आधी सगळा डेटा दुसऱ्या डिस्कवर उतरवला, दोन सीडींवर नक्कल काढली आणि जुनी डिस्क निवृत्त केली. दर वेळी असे होतेच असे नाही. आतली मोटार किंवा वाचणारी सुई गेली असती, तर माझ्या हातात काही नव्हते. हल्लीच्या एसएसडीमध्ये तर रचनाच वेगळी, तिथे हा उपाय चालेलच असे नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुनीमजींनी भिवापूरच्या काकांची पट्टी काढली. उचल, फेड, हमाली, बाकी, सगळे ओळीने. काकांना वाचता येत नव्हते. त्यांनी ती शेजारच्या एका पोराकडून वाचून घेतली, मान हलवली, घडी करून टोपीत ठेवली आणि गेले. त्या दिवसापासून त्या गाळ्यात वही पुन्हा सुरू झाली आणि दर शनिवारी नक्कल काढणेही.

तेव्हा मंडळी, कधी धूर निघालाच, तर चारच गोष्टी ध्यानात ठेवा. आधी मेन बंद करा आणि पुन्हा पुन्हा स्विच दाबून पाहू नका. त्या क्षणी काय दिसले, काय ऐकू आले, ते दुरुस्तीवाल्याला सांगा, अगदी शेजारच्या बल्बसह. हार्ड डिस्क आधी काढायला आणि शेवटी जोडायला सांगा. आणि ‘सगळे गेले, नवा घ्या’ असे कुणी म्हटले, तर कोणता भाग कसा तपासला, एवढे जरूर विचारा. चांगला कारागीर या प्रश्नाने रागावत नाही. उलट मीटर तुमच्यासमोर धरून दाखवतो.

आणि पाचवी गोष्ट धुराच्या आधीची. आज घरी गेल्यावर तुमच्या कॉम्प्युटरमधले जे पुन्हा विकत मिळणार नाही, त्याची एक नक्कल दुसरीकडे ठेवा. एसएमपीएस बाजारात मिळतो.