गणितात कमी गुण आणि दिल्लीतील कायद्याचे शिक्षण

बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या कायदा अभ्यासक्रमासाठी गणित हा सक्तीचा विषय नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008च्या नियमांनुसार खुल्या प्रवर्गाला बारावीत एकूण 45 टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींना 40 टक्के गुण लागतात. प्रवेश मात्र प्रवेश परीक्षेवर ठरतो.

द्वारका येथील राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या 'आयलेट' परीक्षेत इंग्रजी, चालू घडामोडी व तर्कबुद्धी असते. गणिताचा स्वतंत्र विभाग नाही. दिल्ली विद्यापीठाचा 2023मध्ये सुरू झालेला पाच वर्षांचा अभ्यासक्रम 'क्लॅट' या प्रवेश परीक्षेतून भरला जातो. या परीक्षेत सुमारे 10 टक्के प्रश्न दहावीच्या पातळीच्या गणिताचे असतात. शेकडेवारी, गुणोत्तर आणि सरासरीचा नियमित सराव करावा. गणिताच्या धास्तीने कायद्याची वाट सोडू नये.