मूर्तिजापूरचा फलाट आणि वाचनालयाचा सर्व्हर

मंडळी, आजचा विषय वाचून एकदोघांनी आम्हाला फाटकातच अडवलं. म्हणाले, सर, जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, आता सर्व्हरवर काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. आम्ही संगणकाचे तज्ज्ञ नाही. पण एका वाचनालयाच्या समितीवर असताना सर्व्हर बसवण्याच्या कामात आम्ही सापडलो, चुकलो, आणि त्यातून जे कळलं ते सांगण्यासारखं आहे असं वाटतं.

सुरुवात आपल्या शकुंतलेपासून करू. यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी ही गाडी इथल्या जुन्या लोकांच्या चांगली आठवणीत असेल. १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. तिच्या दोन रुळांतलं अंतर ७६२ मिलिमीटर. मूर्तिजापूरला मुंबई-नागपूरचा मोठा मार्ग लागतो, त्याचं अंतर १६७६ मिलिमीटर. म्हणजे आपल्या कापसाचा डबा सरळ मुंबईला जाऊच शकत नव्हता. गाठी उतरवायच्या, हमालांनी फलाट ओलांडायचा, दुसऱ्या गाडीत भरायच्या. यात शकुंतला वाईट होती का? नाही. मोठी गाडी वाईट होती का? तीही नाही. दोघींचं जुळत नव्हतं, एवढंच.

आमचे नैयायिक म्हणतात की संयोग एकट्या वस्तूत राहत नाही, तो दोघींत मिळून राहतो. संगणकवाले ज्याला कम्पॅटिबिलिटी म्हणतात, ती सुसंगती अशीच आहे. ‘हे यंत्र चांगलं आहे का’ हा प्रश्न अर्धवट आहे. ‘कशासाठी आणि कोणाबरोबर’ हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

आता आमची फजिती. २०२० सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. वाचनालयाला एक जुना सर्व्हर देणगीत मिळाला. भक्कम पेटी, भरपूर मेमरी, चार डिस्क. आम्ही खूश. कोणीतरी सांगितलं, सर्व्हर म्हटलं की सेंटओएस टाका. आवृत्ती ८ उतरवली, पेन ड्राइव्ह लावला, आणि एका जागी गाडी थांबली. मदतीला आलेला अभियांत्रिकीचा पोरगा म्हणाला, “सर, डिस्क दिसूनच नाही रायली.”

डिस्क तर डोळ्यांसमोर होत्या, मग दिसत का नव्हत्या? त्या चार डिस्क रेड कार्ड नावाच्या एका पाटीमार्फत जोडलेल्या होत्या. त्या पाटीशी बोलण्यासाठी प्रणालीजवळ दुभाषा लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. रेड हॅट कंपनीने २०१९ साली आपल्या आठव्या आवृत्तीतून बऱ्याच जुन्या पाट्यांचे ड्रायव्हर काढून टाकले, आणि सेंटओएस तिचीच प्रतिकृती. यंत्र शाबूत, प्रणाली शाबूत, दुभाषाच गैरहजर.

आम्ही दोन दिवस देणगीदारावर मनातल्या मनात रागावलो. खरं म्हणजे राग स्वतःवर यायला हवा होता. आम्ही काम उलट्या टोकाकडून धरलं होतं. आधी पेटी आली, मग प्रणाली निवडली, आणि वर काय चालवायचं ते शेवटी विचारू म्हणालो.

आपल्याकडे शास्त्रग्रंथाच्या आरंभी चार गोष्टी सांगायची रीत आहे: विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी. अनुबंधचतुष्टय म्हणतात त्याला. सर्व्हर बसवताना हेच चार प्रश्न या क्रमाने विचारा.

पहिलं प्रयोजन. आम्हाला पुस्तकांची सूची हवी होती, देवघेव हवी होती, आणि वाचकाला मराठीत शोधता यायला हवं होतं. बस.

दुसरा विषय, म्हणजे हे काम करणारं सॉफ्टवेअर. आम्ही कोहा निवडलं. त्याची जन्मकथाही सुसंगतीचीच आहे. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ भागातल्या ग्रंथालयांची जुनी संगणकप्रणाली २००० साल ओळखणार नव्हती, म्हणून १९९९ मध्ये नवी लिहायला घेतली, ती जानेवारी २००० मध्ये सुरू झाली आणि सर्वांना मोफत दिली. कोहा म्हणजे माओरी भाषेत भेट.

तिसरा संबंध. हे सॉफ्टवेअर कोणत्या प्रणालीवर सुखाने नांदतं? कोहाची तयार पॅकेजेस डेबियन आणि उबुंटूसाठी मिळतात. म्हणजे सेंटओएसचा हट्ट मुळातच गैरलागू होता! संबंधाला मुदतही असते, ती आधी पाहावी. त्याच डिसेंबरात जाहीर झालं की सेंटओएस ८ चा आधार २०२१ अखेर बंद. आमच्या डिस्क दिसल्या असत्या, तरी वर्षभरात पायाच सरकला असता. विंडोज सर्व्हर २०१२ चा आधारही १० ऑक्टोबर २०२३ ला संपला. मुदत संपली म्हणून यंत्र बंद पडत नाही, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या येणं थांबतं.

चौथा अधिकारी. या कामाला कोणतं यंत्र पात्र? प्रोसेसर ६४ बिटांचा आहे का, हे पाहा. विंडोज सर्व्हर २००८ आर२ पासून ३२ बिटांना दार बंद आहे, आणि २०२५ च्या डेबियन १३ पासून ३२ बिटांच्या जुन्या यंत्रावर नवी बसवणी होत नाही. नुसतं ६४ म्हणूनही भागत नाही. रेड हॅटची नववी आवृत्ती पहिल्या पिढीतले ६४ बिट प्रोसेसर घेत नाही. मग डिस्कची पाटी आणि नेटवर्कची पाटी पाहा. सगळ्यात सोपी परीक्षा अशी: काही न पुसता प्रणाली पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघा. डिस्क दिसते का? नेटवर्क लागतं का? आमच्या पेटीत डेबियन १० लावलं आणि चारही डिस्क हजर! तिच्या गाभ्यात तो जुना दुभाषा अजून नोकरीवर होता.

इथे गोष्ट संपायला हवी होती. खरी अडचण पुढेच होती.

आमच्या ग्रंथपालबाईंनी सात वर्षं, रोज थोडं थोडं करून, जुन्या संगणकावर पुस्तकांच्या नोंदी टंकल्या होत्या. त्या नव्या सर्व्हरवर आणल्या तर पडद्यावर रोमन अक्षरांचा नुसता कचरा. समितीत एकजण सहज म्हणून गेले, “पुन्हा टाइप करा, काय मोठं?” बाई काही बोलल्या नाहीत. त्यांचा चेहरा आम्ही विसरलेलो नाही.

झालं होतं असं. जुन्या फॉन्टमध्ये यंत्र मराठी साठवतच नाही. ते साठवतं रोमन खुणा, आणि फॉन्ट त्यांच्यावर मराठीचं सोंग चढवतो. फॉन्ट गेला की सोंग उतरलं. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. पण नुसता क्रमांक बदलून भागत नाही. ‘कि’ लिहिताना जुना फॉन्ट वेलांटी आधी ठेवतो आणि क नंतर. युनिकोड क आधी ठेवतं. रफाराचंही तसंच उलटं. म्हणून रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला क्रमही फिरवावा लागतो. मूर्तिजापूरच्या फलाटावरचे हमाल म्हणतो ते हेच. त्या पोराने तसा प्रोग्राम जुळवला, बहुतेक नोंदी परत आल्या, उरलेल्या बाईंनी स्वतः दुरुस्त केल्या. सात वर्षं वाचली.

तरी शोध नीट लागेना. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी लोक अ लिहून वर चंद्र देत. डोळ्याला दोन्ही सारखे, यंत्राला दोन वेगळे शब्द. ‘दुसऱ्या’मधला ऱ्यसुद्धा दोन रीतींनी साठवला जातो. सगळ्या नोंदी एका रीतीवर आणल्या, कोहाच्या शोधयंत्रात आयसीयू नावाची बहुभाषिक सोय चालू केली, तेव्हा पुस्तकं सापडू लागली.

जाता जाता तीन सूचना. वीज जाणारच, म्हणून यूपीएस असा ठेवा की बॅटरी संपण्याआधी सर्व्हर स्वतःहून नीट बंद होईल. बॅकअप घेतला म्हणून निश्चिंत होऊ नका. दुसऱ्या यंत्रावर तो उघडून बघा, तोवर तो बॅकअप नव्हे, नुसती आशा. आणि एक साधी वही ठेवा: कोणती प्रणाली, कोणती आवृत्ती, कोणती पाटी, आधार कधी संपतो. आम्ही त्या वहीच्या भरवशावर डेबियन १० वरून ११ आणि मग १२ असे पायरीपायरीने आलो. पायरी गाळू नये.

तो पोरगा आता पुण्याला नोकरी करतो. वही ग्रंथपालबाईंच्या टेबलाच्या खणात आहे, आणि आता तीत त्याच लिहितात. आपल्या गावच्या वाचनालयात, शाळेत अशी वही आहे का, एवढं उद्या जाऊन बघा. नसेल तर दहा रुपयांची वही घ्या आणि पहिल्या पानावर आधी प्रयोजन लिहा.