कमांड लाइन, सेटिंग आणि मॉड्यूल : मावळातील स्थलनामांच्या गणनेतून परिचय

उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हांला –
• कमांड लाइनवरून पायथन प्रोग्रॅमला माहिती कशी पुरविली जाते, हे सांगता येईल.
• एकच सेटिंग अनेक मॉड्यूलमध्ये वापरताना कोणते दोष संभवतात, ते ओळखता येतील.
• मूलभूत मूल्य, सेटिंग फाइल आणि कमांड लाइन यांचा अग्रक्रम ठरविता येईल.
• भाषिक गणनेचा निष्कर्ष कोणत्या निकषावर आधारलेला आहे, हे अहवालात नोंदविता येईल.

1. प्रास्ताविक

मागील घटकात तुम्ही मराठी संहिता वाचून शब्दांची वारंवारता काढणारा लहान प्रोग्रॅम पाहिला. प्रस्तुत घटकात तोच प्रोग्रॅम आपण थोडा वाढविणार आहोत. समजा, एखाद्या विद्यार्थ्याने लघुप्रबंधासाठी ‘प्रवासवर्णनांतील मावळ’ हा विषय घेतला आहे. मावळ, लोणावळा, खंडाळा, कार्ला, भाजे, लोहगड, वडगाव, पवन मावळ अशी स्थलनामे निरनिराळ्या पुस्तकांत किती वेळा येतात, हे त्याला मोजायचे आहे. काम यांत्रिक वाटते. पण मराठीच्या स्वभावामुळे ते तसे राहत नाही.

पुढील दोन वाक्ये पाहा : ‘सूर्य मावळला तेव्हा आम्ही मावळातून लोणावळ्याला आलो. लोणावळा धुक्यात होता.’ या उताऱ्यात ‘मावळ’ किती वेळा आला? केवळ अक्षरक्रम शोधला तर उत्तर 2 येते, कारण ‘मावळला’ या क्रियापदातही तो क्रम आहे. शब्द जसाच्या तसा शोधला तर उत्तर 0 येते, कारण स्थलनाम येथे प्रत्ययासह आले आहे. ज्ञात रूपांची यादी घेऊन शोधले तरच 1 हे योग्य उत्तर मिळते. ‘लोणावळा’ या नावाचेही तसेच आहे. नेमका शब्द शोधल्यास 1, आणि ‘लोणावळ्या’ हे सामान्यरूप धरल्यास 2.

म्हणजेच ‘जुळणी कशी करायची’ ही एक सेटिंग आहे आणि तिच्या मूल्यावर संपूर्ण निष्कर्ष अवलंबून आहे. ही सेटिंग प्रोग्रॅमच्या सर्व भागांत एकसारखी पोहोचविणे, हाच या घटकाचा विषय होय.

2. विषय-विवेचन

2.1 कमांड लाइनवरील आर्ग्युमेंट

आपला प्रोग्रॅम पाच मॉड्यूलमध्ये विभागलेला आहे असे समजू : ‘मुख्य’, ‘वाचन’, ‘शुद्धी’, ‘जुळणी’ आणि ‘अहवाल’. तो चालविताना आपण पुढील स्वरूपाची आज्ञा देतो :

पायथन मुख्य.पाय --नाव मावळ --जुळणी सामान्यरूप --संदर्भ 5

येथे आज्ञा देवनागरीत छापली आहे. संगणकावर पायथनचे नाव व फाइलीचा प्रत्यय रोमन लिपीत टंकावा लागतो. पर्यायांची नावे आणि मूल्ये मात्र देवनागरीतही ठेवता येतात. ‘संदर्भ 5’ याचा अर्थ, सापडलेल्या शब्दाच्या मागचे व पुढचे पाच शब्द दाखवावेत.

आज्ञेतील हे तुकडे पायथन ‘सिस’ मॉड्यूलमधील ‘आर्गव्ही’ नावाच्या यादीत ठेवतो. यादीतील पहिला घटक प्रोग्रॅमचे नाव असतो आणि सर्व घटक अक्षरमालाच असतात. त्यामुळे वरील 5 हा आकडा नसून ‘5’ हे चिन्ह असते. त्याचे पूर्णांकात रूपांतर करावे लागते.

हे काम हाताने करण्याऐवजी पायथनच्या प्रमाण ग्रंथालयातील ‘आर्गपार्स’ हे मॉड्यूल वापरावे. ते पायथन 2.7 आणि 3.2 या आवृत्त्यांपासून प्रमाण ग्रंथालयात आहे. प्रत्येक पर्यायाचे नाव, प्रकार, ग्राह्य मूल्ये, मूलभूत मूल्य आणि साहाय्यपर मजकूर त्याला सांगता येतो. ‘जुळणी’साठी ‘अक्षरक्रम’, ‘अचूक’ आणि ‘सामान्यरूप’ ही तीनच मूल्ये ग्राह्य ठरविली आणि कोणी चौथे लिहिले, तर प्रोग्रॅम चूक सांगून तेथेच थांबतो. चुकीच्या निकषावर आकडे देण्यापेक्षा थांबणे केव्हाही हिताचे.

2.2 दोष कोठे शिरतो?

नवशिक्या प्रोग्रॅमरला एक मोह होतो. ज्या मॉड्यूलला जे मूल्य हवे, ते त्या मॉड्यूलने स्वतःच ‘आर्गव्ही’मधून उचलावे, असे त्याला वाटते. यातून तीन दोष उद्भवतात.

पहिला दोष क्रमाचा. ‘अहवाल’ मॉड्यूल ‘चौथ्या स्थानावरील मूल्य’ वाचत असेल आणि उद्या आज्ञेत नवा पर्याय आधी आला, तर ते भलतेच मूल्य वाचेल.

दुसरा दोष मूलभूत मूल्यांच्या द्विरुक्तीचा. पर्याय दिला नसल्यास ‘जुळणी’ मॉड्यूल ‘अचूक’ धरते आणि ‘अहवाल’ मॉड्यूल ‘सामान्यरूप’ धरते, अशी कल्पना करा. मग तक्त्याच्या शीर्षकात ‘सामान्यरूपांसह गणना’ असे छापले जाईल आणि खाली आकडे मात्र नेमक्या शब्दांचे असतील. प्रोग्रॅम कोणतीही त्रुटी दाखविणार नाही. लोणावळ्याचा उल्लेख प्रत्यक्षाहून निम्माच दिसेल आणि त्यावर आधारलेले प्रकरण आत्मविश्वासाने लिहिले जाईल. हा दोष सर्वांत घातक, कारण तो डोळ्यांना दिसत नाही.

तिसरा दोष पुनर्वापराचा. मॉड्यूल आयात होताक्षणीच आज्ञा वाचू लागले, तर ते दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये वापरता येत नाही. त्या प्रोग्रॅमचे पर्याय वेगळे असल्याने आयात करतानाच काम थांबते.

2.3 सामाईक सेटिंग मॉड्यूल : उपयोग व मर्यादा

यावर एक प्रचलित उपाय म्हणजे ‘सेटिंग’ नावाचे स्वतंत्र मॉड्यूल. पायथन कोणतेही मॉड्यूल साधारणपणे एकदाच चालवितो. पुढच्या प्रत्येक आयातीत तीच वस्तू परत देतो. त्यामुळे ‘मुख्य’ने ‘सेटिंग’मध्ये ठेवलेले मूल्य इतरांना दिसते.

मात्र आयातीचे दोन प्रकार येथे काटेकोरपणे वेगळे करावेत. संपूर्ण ‘सेटिंग’ मॉड्यूल आयात करून प्रत्येक वेळी ‘सेटिंग.जुळणी’ असे विचारले, तर त्या क्षणीचे मूल्य मिळते. याउलट ‘सेटिंग’मधून केवळ ‘जुळणी’ हे नाव आयात केले, तर आयातीच्या वेळी असलेले मूल्य त्या नावाशी बांधले जाते. ‘मुख्य’ने नंतर बदल केला, तरी हे नाव जुन्याच मूल्याकडे बोट दाखवीत राहते. वर सांगितलेला अदृश्य दोष येथून पुन्हा आत येतो.

शिवाय सामाईक मॉड्यूलमधील मूल्य कोणीही, केव्हाही बदलू शकते. लहान प्रोग्रॅममध्ये हे चालून जाते. मोठ्या प्रोग्रॅममध्ये कोणी बदलले याचा शोध घेत बसावे लागते.

2.4 ग्राह्य पद्धती : एकदा वाचा, हाती सोपवा

अधिक सुरक्षित पद्धत अशी. आज्ञा केवळ ‘मुख्य’ मॉड्यूलने वाचावी. सर्व मूल्ये तपासून त्यांची एक वस्तू तयार करावी आणि ज्या फलनाला जे लागते, ते त्याला पॅरामीटर म्हणून द्यावे. ही वस्तू घडविण्यासाठी पायथन 3.7 पासून उपलब्ध असलेला ‘डेटाक्लास’ सोयीचा आहे. तो ‘फ्रोझन’ म्हणून घोषित केल्यास त्यातील नावांना नंतर नवे मूल्य देता येत नाही. तसा प्रयत्न करताच त्रुटी येते. त्यात यादी ठेवली तर यादीच्या आतील घटक मात्र बदलता येतात. म्हणून यादीऐवजी ‘टपल’ वापरावे.

या पद्धतीने ‘जुळणी’ मॉड्यूलला कमांड लाइन अस्तित्वात आहे, हेही ठाऊक नसते. त्याला शब्द, रूपे आणि निकष मिळतात; ते संख्या परत करते. म्हणूनच वरील दोन वाक्यांचा उतारा तिन्ही निकषांनी तपासून 2, 0 आणि 1 ही उत्तरे मिळतात की नाही, हे तुम्ही स्वतंत्रपणे पडताळू शकता.

अशी तपासणी मराठीसाठी विशेष आवश्यक आहे. पायथनचे ‘रे’ हे आकृतिबंध शोधणारे मॉड्यूल काना-मात्रांसारख्या स्वरचिन्हांना शब्दातील अक्षर मानत नाही. त्यामुळे त्याची शब्दसीमेची खूण ‘मावळातून’ या शब्दात ‘ळ’नंतरच सीमा मानते. म्हणून शब्द मोकळी जागा व विरामचिन्हे यांवरून तोडावेत.

2.5 सेटिंग फाइल आणि अग्रक्रम

काही माहिती दर वेळी आज्ञेत लिहिणे शक्य नसते. शासनाने 1962 मध्ये मान्य केलेल्या लेखनविषयक नियमांपूर्वीच्या पुस्तकांत ‘वडगांव’ असे अनुस्वारयुक्त लेखन आढळते. आज आपण ‘वडगाव’ लिहितो. ‘लोणावळा’ व ‘लोणावळे’, ‘कार्ला’ व ‘कार्ले’ अशी रूपेही आढळतात. ‘खोऱ्यात’ या शब्दातील ‘ऱ्या’ तर युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठविलेला असू शकतो : डोळ्यांना एकच, संगणकाला भिन्न. अशा पर्यायी रूपांची यादी सेटिंग फाइलमध्ये ठेवावी. त्यासाठी ‘कॉन्फिगपार्सर’, ‘जेसन’ किंवा पायथन 3.11 पासून आलेले ‘टॉमलिब’ वापरता येते. ‘कॉन्फिगपार्सर’ किंवा ‘जेसन’साठी फाइल उघडताना यूटीएफ-8 हे संकेतन स्पष्टपणे सांगावे.

‘कॉन्फिगपार्सर’ सर्व मूल्ये अक्षरमाला म्हणून देतो. कोणतीही रिकामी नसलेली अक्षरमाला पायथन ‘सत्य’ मानतो; त्यामुळे फाइलमध्ये नकारार्थी शब्द लिहिला तरी थेट तपासणीत तो होकारच ठरतो. योग्य रूपांतर करूनच मूल्य वापरावे.

एकच सेटिंग अनेक ठिकाणी असल्यास रूढ अग्रक्रम असा : प्रोग्रॅममधील मूलभूत मूल्य सर्वांत दुय्यम; त्यावर सेटिंग फाइल; तिच्यावर पर्यावरणचले; आणि सर्वांत वर कमांड लाइन. तत्त्व सोपे आहे : जे मूल्य या क्षणी व जाणीवपूर्वक दिले, ते श्रेष्ठ. येथे एक दक्षता घ्यावी. ‘आर्गपार्स’मध्येच ‘अचूक’ हे मूलभूत मूल्य लिहिले, तर वापरकर्त्याने ते दिले की आपोआप आले, हे कळत नाही आणि ते फाइलमधील मूल्यावर मात करते. म्हणून तेथे ‘नन’, म्हणजे ‘काही दिलेले नाही’, हे मूल्य ठेवावे आणि अग्रक्रमाचा निर्णय ‘मुख्य’मध्ये एकाच ठिकाणी घ्यावा.

3. सारांश

आज्ञा एकदाच वाचावी, मूल्ये तपासावीत, त्यांची न बदलणारी वस्तू करावी आणि ती फलनांच्या हाती सोपवावी. अंतिम सेटिंग अहवालाच्या आरंभी छापावी. संहितेचा संपादक ज्याप्रमाणे आपण पाहिलेल्या प्रती आणि पाठनिश्चितीचे धोरण प्रस्तावनेत सांगतो, त्याप्रमाणे. निकष न सांगता दिलेला आकडा वाचकाला पडताळता येत नाही आणि जे पडताळता येत नाही, त्याला संशोधनात आधार म्हणून वापरता येत नाही.

स्वयं-अध्ययन प्रश्न

1. सेटिंग फाइलमध्ये ‘जुळणी’ ‘अचूक’ आहे व आज्ञेत ‘सामान्यरूप’ आहे. कोणता निकष लागू होईल?
2. ‘सेटिंग’मधून केवळ नाव आयात केल्यास कोणता धोका संभवतो?
3. ‘खंडाळा’ या नावाची तुमच्या वाचनात आलेली रूपे गोळा करा आणि सेटिंग फाइलसाठी त्यांची यादी तयार करा.

उत्तरे

1. सामान्यरूप, कमांड लाइनचा अग्रक्रम सर्वांत वर आहे. 2. नंतर झालेला बदल त्या नावाला कळत नाही. जुनेच मूल्य वापरले जाते. 3. ‘खंडाळ्यात’, ‘खंडाळ्याहून’, ‘खंडाळ्याचा’ यांसारखी रूपे तुमच्या यादीत आहेत का, ते तपासा.